न फिटणारी शंका

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या काळ्या मातीत बोअर खणलं तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. हा खारपाणपट्टा. या पाण्यात डाळ नीट शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. हात घासत राहावं, वडी झिजत राहते, पण बोटांवर चिकटसर काहीतरी उरल्यासारखं वाटतं. गोड्या पाण्याखाली 'झाले हात' ही खूण कातडीला आपोआप पटते. इथे ती पटायला वेळ लागतो.

या पट्ट्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणू. घर कल्पनेतलं आहे, पण त्यातले तपशील इकडच्या कोणालाही ओळखीचे वाटतील. सकाळी टँकर येऊन गेला. पस्तिशीतल्या बाईनं दोन ड्रम आणि चार गुंड भरून घेतले. त्यातला एक ड्रम तिच्या हातांसाठी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, कोणी बोलत नाही. हात अकरा वेळा धुवायचे. मध्ये कोणी हाक मारली की मोजणी मोडते आणि पुन्हा एकपासून सुरुवात. शाळेतून आलेल्या पोरांनी दप्तर ओट्यावर ठेवायचं, कपडे बदलायचे, मग उंबरा ओलांडायचा. नवऱ्यानं बाजारातून आणलेल्या नोटा खिडकीत उन्हाला पडलेल्या असतात. बाईच्या बोटांना भेगा पडल्या आहेत, मिरची कापली की आग होते. शेजारीण कौतुकानं म्हणते, "लय साफसफाईची बाई हाय माय!" आणि बाईला कोणी खोदून विचारलंच तर ती म्हणते, "समजते मले. पण मन मानतच नाही."

शेजारणीला दिसते ती सवय, बाईला ठाऊक आहे ती कैद. डॉक्टर या कैदेला ओसीडी म्हणतात. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'कल्पना-कृती अनिवार्यता' असा लांबलचक शब्द सापडतो. पण मराठीत याला जुना शब्द आहे, मंत्रचळ. मंत्र म्हणताना काही चुकलं की माणसाला चळ लागतो, अशी समजूत होती, तिच्यातून तो आला. मला हाच शब्द बरा वाटतो. काहीतरी चुकलंय, पहिल्यापासून पुन्हा म्हटलं पाहिजे, ही या आजाराची सगळी तगमग त्यात आहे.

पाठ्यपुस्तकी शब्दाचा उपयोग एवढाच की तो आजाराचे दोन तुकडे वेगळे दाखवतो. पहिला तुकडा नकोसा विचार. तो बोलावल्याशिवाय येतो आणि हाकलला की दुप्पट जोरानं परततो. हाताला घाण लागली, गॅस चालू राहिला, देवासमोर मनात शिवी आली, हातातल्या विळीनं आपण लेकरालाच काही केलं तर? दुसरा तुकडा म्हणजे ती धडधड थांबवण्यासाठी केलेली कृती. धुणं, तपासणं, मोजणं, मनातल्या मनात नाव घेणं, कोणाला तरी पुन्हा पुन्हा विचारणं. कृती केली की दोन मिनिटं सुटल्यासारखं वाटतं. हीच दोन मिनिटं महागात पडतात, कारण मेंदू त्यातून शिकतो की धुतलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो जास्त धुणं मागतो. खरजेवर खाजवावं तसं हे चालतं.

असे विचार फक्त आजारी माणसांना येतात असं मात्र नाही. 1978 मध्ये लंडनमध्ये स्टॅन्ले रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्वा यांनी साध्यासुध्या, कसलाही आजार नसलेल्या लोकांना मनात येणारे नकोसे विचार विचारले. बहुतेकांना ते येत होते. रुग्णांचे विचार आणि यांचे विचार शेजारी ठेवले तर मजकुरावरून कोणते कोणाचे हे सांगणं तज्ज्ञांनाही सोपं गेलं नाही. चिखलदऱ्याच्या कड्यावर उभं असताना 'उडी मारली तर?' असा विचार तुमच्याही मनात चमकून गेला असेल. तुम्ही तो झटकला आणि पुढे कणीस खात चाललात. मंत्रचळ लागलेल्या माणसाला तो झटकता येत नाही, कारण त्याला वाटतं, असा विचार आला म्हणजे माझ्यात काहीतरी भयंकर आहे आणि पुढचं अनिष्ट टाळणं माझ्या एकट्याच्या माथी आहे. 1985 मध्ये पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी नेमकं यावर बोट ठेवलं: या आजारात जबाबदारीची जाणीव अतोनात फुगलेली असते. त्यामुळे निष्काळजी, बेफिकीर माणसाला सहसा तो होत नाही. तो होतो दुसऱ्याचा जास्त विचार करणाऱ्याला. जिला लेकराला इजा करण्याचे विचार छळतात, ती आई लेकराला इजा करत नाही. ती विळी लपवून ठेवते आणि लेकराला कडेवर घ्यायलाही भिते. बाळंतपणानंतर हा आजार पहिल्यांदा डोकं काढतो किंवा असलेला बळावतो तो असा, आणि बाळंतीण तो मरेस्तोवर कोणाला सांगत नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडानं?

भीती खरी कुठवर आणि आजार कुठून, हे समजायला कापसाच्या वावरात जावं. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणी करून आलेला माणूस तीनदा अंग घासून धुतो, कपडे वेगळे भिजवतो, त्या हातानं पोराला घेत नाही. हा शहाणपणा झाला. काम झालं की त्याचं धुणं संपतं आणि तो जेवायला बसतो. त्याची सून मात्र पुढचे आठ महिने ते कपडे ज्या दोरीवर वाळले तिला शिवत नसेल, दोरी ज्या भिंतीला बांधली त्या भिंतीलाही शिवत नसेल आणि भिंतीला कोणाचा पदर लागला म्हणून त्याला आंघोळ करायला लावत असेल, तर भीतीचं विषाशी नातं कधीच तुटलेलं आहे.

आता समाजाकडे येऊ. एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण तिच्यात गफलत होते. सोवळं पाळल्यानं किंवा आईनं लहानपणी रागावल्यानं मंत्रचळ होतो, असं म्हणता येत नाही. आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा आहे. तो जगभर आढळतो, श्रीमंताला होतो, गरिबाला होतो, नास्तिकालाही होतो. समाज ठरवतो ते वेगळं: शंकेनं कशाचा आधार घ्यायचा, तिला आजार म्हणायचं की गुण, आणि तिचं ओझं कोणी वाहायचं.

इजिप्तमध्ये अहमद ओकाशा यांनी 1994 मध्ये मांडलेल्या अभ्यासात धार्मिक शंका आणि विटाळाची भीती सर्वांत पुढे होती. चंदीगडच्या पीजीआयमध्ये 82 रुग्णांचा अभ्यास 1975 साली प्रसिद्ध झाला, तिथेही घाण आणि संसर्ग हाच विषय वरचढ निघाला. त्याच वर्षी कोलकात्याच्या अजिता चक्रवर्ती यांनी बंगाली घरांतल्या 'शुचिबाई'वर लिहिलं. तिथला 'बाई' म्हणजे आपली बाई नव्हे, तो वायूवरून आलेला, चळ या अर्थाचा शब्द आहे. शुचितेचं वेड. ते विशेषतः विधवांमध्ये दिसे, आणि लोक त्याला आजार न म्हणता स्वभाव म्हणत. अचलपूर, बाळापूर किंवा अकोल्याच्या उर्दू बोलणाऱ्या घरांत 'वसवसा' हा शब्द आहे. वजू करताना हात नक्की तीनदा धुतले की दोनदाच, अशी शंका येऊन नमाजाची वेळ टळून जाते. त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कोणी देवघरासमोर पोथीचं एकच पान चौथ्यांदा वाचत असतो, कारण मध्ये मनात घाणेरडा विचार आला आणि पाठ बाटला. दोघांचं दुखणं एकच आहे, आणि दोघांना एकमेकांचं हसू येईल.

काळाप्रमाणेही आधार बदलतो. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये महारोग्यांसाठी तपोवन उभारलं, तेव्हा त्यांची सावलीही लोकांना नको होती. नव्वदीत शंकेनं एड्स धरला. सलूनचा वस्तरा, एसटीच्या सीटवरचा लाल डाग, सगळ्यात एड्स दिसू लागला. मग कोरोना आला. फेब्रुवारी 2021 मध्ये राज्यात दुसरी लाट पहिल्यांदा उठली ती आमच्याकडे. 22 तारखेपासून अमरावती आणि अचलपूर शहरं पुन्हा बंद झाली. ज्यांना मंत्रचळ होता त्यांच्यासाठी तो विचित्र काळ होता. काहींचा त्रास वाढला. काहींना उलट विजयी वाटलं, कारण जे ते वर्षानुवर्षं करत होते ते आता सरकार, टीव्ही आणि मोबाइलची कॉलर ट्यून सगळ्यांना करायला सांगत होती. साथ ओसरल्यावर गावानं सॅनिटायझर फेकलं. यांच्या घरात कांद्या-बटाट्यांना साबणाचं पाणी चालूच राहिलं.

अकोल्याच्या तोष्णीवाल ले-आउटमध्ये शिकवणी वर्गांच्या पाट्या दाटीनं लागल्या आहेत. आसपासच्या जिल्ह्यांतली पोरं तिथे नीट आणि जेईईसाठी खोल्या करून राहतात. मंत्रचळ बहुधा किशोरवयात किंवा विशीच्या आसपास सुरू होतो, मुलग्यांत काही वेळा दहा वर्षांच्या आतही. म्हणजे आजाराचं वय आणि ओएमआर शीटचं वय एकच. बरोबर गोल भरला का, रेघेबाहेर शाई गेली का, रोल नंबर चुकला का. एकदा बघणं हे परीक्षेचं शहाणपण आहे. सतराव्यांदा बघेपर्यंत पुढचे तीस प्रश्न राहून गेले. वाचताना एक ओळ 'नीट समजली नाही' म्हणून परत, परत, परत. घरी फोनवर बाप म्हणतो, "पोट्टं रात्री दोन-दोन वाजेलोक वाचते." त्या वाचण्यात पान उलटलेलं नसतं, हे खोलीतल्या दोस्ताला ठाऊक असतं. तोही सांगत नाही.

वऱ्हाडाचं एक नवल आहे. शुचितेचा बाऊ मोडणाऱ्या माणसांची इथे रांग लागली आहे. तेराव्या शतकात ऋद्धपूरला गोविंदप्रभू झाले. महानुभावांच्या लीळांत ते कोणाच्याही घरी शिरतात, कोणाचंही खातात, शिवाशिवीला विचारत नाहीत, आणि गाव त्यांना वेडंही म्हणतं आणि देवही. शेगावी गजानन महाराज लोकांना पहिल्यांदा दिसले ते 23 फेब्रुवारी 1878 ला, उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. त्याच्या बरोबर दोन वर्षं आधी, त्याच तारखेला, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात परिटाच्या घरी डेबूजी जन्मला. मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडे वाढला आणि पुढे गाडगेबाबा झाला. ऋणमोचनच्या यात्रेत पूर्णेच्या काठी खराटा घेऊन उतरणारा हा माणूस स्वच्छतेचा महापुरुष खरा, पण त्याच्या अंगावर चिंध्या होत्या आणि हातात खापर. त्याची स्वच्छता बाहेरच्या रस्त्याची होती, सगळ्यांची होती, आणि गाव झाडून झालं की खराटा खाली ठेवून कीर्तनाला उभी राहणारी होती. मंत्रचळाला खराटा खाली ठेवताच येत नाही, आणि त्याला रस्त्याशी काही देणंघेणं नसतं. 'ही बाई म्हणजे गाडगेबाबाच' असं कौतुक ऐकलं की मला बाबांची कीव येते आणि बाईची त्याहून जास्त.

इथे एक सावधगिरी. 1927 मध्ये अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ झाली, पंजाबराव देशमुख तिच्यात पुढे होते, डॉ. आंबेडकर त्या नोव्हेंबरात अमरावतीला आले. दार अडवणाऱ्यांचा विटाळ हा मनाचा आजार नव्हता. तो हक्क राखण्याचा बंदोबस्त होता, आणि त्यात कोणाची झोप उडत नव्हती. त्याला मंत्रचळ म्हणणं म्हणजे गुन्हेगाराला वैद्यकीय दाखला देणं. पण विटाळाची ती भाषा घराघरांत मुरून राहिली. स्पर्शानं काहीतरी लागतं, ते दिसत नाही, पाण्यानं जातं, आणि एकाकडून दुसऱ्याकडे पसरतं. शंकेनं पछाडलेल्या मेंदूला हा तयार साचा आयता मिळतो. पाळीच्या चार दिवसांत बाजूला बसवलेल्या मुलीच्या मनात तो किती खोल जातो, हे ती बोलेल तेव्हा कळेल.

सगळ्यात गुंतागुंतीचं आहे ते घर. हात धुणारी जर सासू असेल, तर तिच्या शंका हा घराचा कायदा होतो. सगळ्यांनी बाहेरून आल्यावर पाय धुवायचे, सुनेनं तिच्या भांड्याला हात लावायचा नाही, पाहुणे आले की त्यांच्या मागे चादर धुवायची. लोक म्हणतात, "बुढी कडक हाय, पण घर कसं आरशावानी!" तीच लक्षणं सुनेत असतील तर दोन महिन्यांत "नखरे", सहा महिन्यांत "बाहेरचं लागलं" आणि वर्षाच्या आत माहेरी. घरचा कर्ता पुरुष रात्री पाच वेळा उठून गॅस, कुलूप आणि मोटारीचं बटण बघत असेल तर तो जबाबदार. मुलगा बघत असेल तर भित्रा. लक्षण तेच असलं तरी नाव ठरतं ते घरातल्या मानावरून. म्हणून दवाखान्यात कोण पोचतं आणि कधी, हेही त्यावरच ठरतं. ज्यांच्या शंकांपुढे घर मान तुकवतं, त्यांना दवाखान्याची गरज भासायला कित्येक वर्षं जातात.

आणि घर मान तुकवतं ते बहुतेक वेळा मायेपोटी. पोरगी शंभरदा विचारते, "माय, माह्या हाताले काही लागलं तं नाही ना?" माय शंभरदा म्हणते, "नाही व माय, साफ हाय." नवरा बायकोच्या वतीनं कुलूप ओढून बघतो. भाऊ बहिणीसाठी आडवाटेनं गाडी नेतो, कारण सरळ वाटेवर मटणाचं दुकान आहे. संशोधक याला कुटुंबाचं जुळवून घेणं म्हणतात, आणि तीस वर्षांच्या अभ्यासातून हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे की घर जितकं जास्त जुळवून घेतं तितका आजार घट्ट बसतो आणि उपचार कमी लागू पडतात. दुसऱ्या टोकाचंही तितकंच वाईट. टोमणे, आरडाओरड, नळ तोडून टाकणं, 'तुझ्या पायी घर बुडालं' असं ऐकवणं. एकाच घरात सकाळी पहिलं आणि संध्याकाळी दुसरं चालू असतं. एकत्र कुटुंबात तर माय जुळवून घेते, काका ओरडतो, आणि आजी अंगारा आणते.

अंगाऱ्याबद्दल थोडं. गावात आधी देवऋषी, मग कोणी बाबा, मग मेडिकलवाल्यानं दिलेली झोपेची गोळी, मग कातडीचा डॉक्टर, कारण भेगा दिसतात. मनाच्या डॉक्टरचा नंबर शेवटी. बाबाकडे गेल्याचा एक खास तोटा या आजारात आहे. बाबा उपाय म्हणून आणखी एक विधी देतो: एकशे आठ वेळा हे म्हण, मध्ये खंड पडू देऊ नको. ज्याचा आजारच मोजण्याचा आहे त्याला नवीन मोजणी मिळते. खंड पडला की भीती आता अधिकृत होते.

पाण्याचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणं इकडच्या शहरांना नवं नाही, आणि उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे गेला की गावं टँकरकडे डोळे लावून बसतात. जिथे हंड्यावर भांडणं होतात तिथे एका माणसाला रोज एक ड्रम. तो भरायला बहुतेक घरांत दुसरी बाईच वाहत असते: लेक, जाऊ किंवा सून. साबणाचा खर्च, बुडालेली मजुरी, वावरात उशिरा पोचलेली बाई. शहरातला ओसीडी गिझरखाली लपून जातो. इथला ओसीडी शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येतो, पण 'पाण्याची उधळी' म्हणून, आजारी म्हणून नाही.

मेंदूत काय होतं ते थोडक्यात सांगतो. कपाळामागचा भाग 'काहीतरी गडबड आहे' असा इशारा देतो, खोलवरच्या केंद्रकांनी काम झाल्यावर तो इशारा बंद करायचा असतो, आणि या फेऱ्यातली झडप नीट मिटत नाही. दार बंद केल्याची आठवण असते, बंद केल्याची खात्री येत नाही. लॉस एंजेलिसच्या लुईस बॅक्स्टर यांच्या गटानं 1992 मध्ये रुग्णांच्या मेंदूची चित्रं उपचाराआधी आणि नंतर घेतली. काहींना गोळ्या दिल्या होत्या, काहींना फक्त वर्तनोपचार. बरं झालेल्यांच्या मेंदूतल्या एकाच भागाची धावपळ दोन्ही वाटांनी कमी झाली होती. 'मेंदूचा आजार आहे तर बोलून काय होणार' असं म्हणणाऱ्यांना हे दाखवावं.

किती जणांना असेल? बंगळुरूच्या निम्हान्सनं 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती, महाराष्ट्र त्यात नव्हता. तिथे ओसीडीचं प्रमाण प्रौढांत 0.8 टक्क्यांच्या आसपास आलं. 2011 च्या जनगणनेत अमरावती आणि अकोला मिळून लोकसंख्या 47 लाख होती. त्यात प्रौढ तीस लाख धरले तर ढोबळ हिशेबानं चोवीस हजार माणसं होतात. त्याच सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते.

वऱ्हाडात मनाच्या आजारावर काम झालेलंच नाही असं नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे इकडे लक्ष गेलं. 2015 पासून राज्य सरकारचा 'प्रेरणा' प्रकल्प आला. त्याआधी गोव्याच्या संगाथ संस्थेनं 'विश्राम' नावाचा उपक्रम चालवला. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत गावचेच कार्यकर्ते तयार केले, त्यांनी घरोघरी बोलणं सुरू केलं. 2017 मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्रीत त्याचे निष्कर्ष आले: नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले होते. यातून एवढं सिद्ध झालं की गावातल्या माणसानं गावच्या भाषेत विचारलं तर लोक सांगतात. पण विचारलं जात होतं ते मुख्यतः उदासीबद्दल. "दिवसातून किती येळ हात धुण्यात जाते?" हा प्रश्न कोणाच्या यादीत नसतो. आशाताईला तो शिकवायला अर्धा तास पुरे. दिवसाला तासाभरापेक्षा जास्त वेळ जात असेल किंवा कामधंदा अडत असेल, तर नाव टिपून घ्यावं.

पुढे कुठे जायचं? अमरावतीला जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला सगळे इर्विनच म्हणतात. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार. फोनवर बोलायचं तर टेली-मानसचा 14416, ऑक्टोबर 2022 पासून चालू, मराठीतही. मनोरुग्णालय म्हटलं की नागपूर आठवून लोक दचकतात. या आजारासाठी तिथे भरती व्हायची वेळ क्वचितच येते.

गोळ्या असतात फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन अशा, किंवा जुनी क्लोमिप्रामिन. नैराश्याच्याच गोळ्या, पण बहुधा जास्त मात्रेत, आणि गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून बंद करणारे खूप. दूरच्या गावाहून एसटीनं दोनदा येऊन औषध नसल्यानं हात हलवत परतलेल्याला तर मी दोष देऊ शकत नाही.

आणि वर्तनोपचार. 1966 मध्ये लंडनला व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवर तो पहिल्यांदा केला. सतत धुणाऱ्या रुग्णाच्या खोलीतला नळच त्यांनी बंद करवला, परिचारिका सोबत बसवल्या आणि जे भीतीदायक वाटतं त्याला हात लावायला लावला. अकोल्याच्या वाचकाला हसू येईल, नळ बंद ठेवून बरं होत असतं तर इकडे हा आजार शिल्लकच राहिला नसता. पण फरक आहे. नळ नसला की शंका ड्रम साठवते आणि त्याची वाट बघते. उपचारात माणूस स्वतः ठरवून घाण समजलेल्या वस्तूला हात लावतो आणि पाणी समोर असताना धुवत नाही. आधी सोपी पायरी, मग अवघड. बसस्टँडचा कठडा, मग नोट, मग संडासाची कडी. काळीज उडतं, घाम फुटतो, आणि तो तसाच बसतो. अर्ध्या-पाऊण तासानं धडधड आपोआप उतरू लागते. पंधरा दिवसांनी कमी चढते. नियमितपणे करणाऱ्या बऱ्याच जणांना यानं ठळक फरक पडतो. सगळ्यांना नाही.

यात घराचा वाटा म्हणजे उत्तर न देणं, आणि तोच उपचारातला सर्वांत अवघड भाग. "माय, माह्या हाताले काही लागलं तं नाही ना?" याला आजवर 'नाही' हे उत्तर होतं. आता मायेला शिकवलं जातं की 'नाही' म्हणायचं नाही, रागवायचं नाही, समजावायचंही नाही. म्हणायचं, "असंन. नसंन. मले नाही माहीत." पोरगी रडते. माय उठून मोरीवर जाते, उगाच एक गुंड विसळते, परत येऊन पोरीजवळ बसते. दोघींच्या मध्ये ड्रम भरलेला असतो. घड्याळात साडेचार वाजलेत. पाच वाजेपर्यंत बसायचं असं ठरलेलं आहे.